गव्हर्नमेंट डेटचा अर्थ

कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ या इंग्रजी शब्दातला बी लिहायचा असतो, बोलायचा नसतो. गेल्या तीन वर्षांत मी हे चारशे पोरांना तरी सांगितलं असेल. तरीही दर बॅचला कोणीतरी ‘डेब्ट’ म्हणतंच, आणि त्याला बी गिळायला लावला की मागच्या बाकावरून आवाज येतो, “मॅडम, मंग गव्हर्नमेंट डेट म्हणजे सरकारी तारीख का?” मग सगळा वर्ग खिदळतो. मला त्या विनोदाचा वीट आला आहे. खरं सांगायचं तर त्या वर्गाचा, त्या फळ्याचा आणि फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईचाही आला आहे. ती बाई मीच.

यवतमाळला आर्णी रोडवर एका मोबाईलच्या दुकानाच्या डोक्यावर इंद्रजित सरांचा स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. तिथे मी, दीपा, इंग्रजी शिकवते. त्याआधी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पाच वर्षं काढली. तिथलं मानधन आठ-आठ महिने यायचं नाही. बिल ट्रेझरीत आहे, एवढंच उत्तर मिळायचं. इंद्रजित सर महिन्याच्या एक तारखेला बारा हजार हातात ठेवतात, आणि एक तारखेला पगार देणाऱ्या माणसासमोर तोंड कसं बंद ठेवायचं, हे मी फार लवकर शिकले.

मागच्या दिवाळीत सरांनी मला अर्थव्यवस्थेवरच्या इंग्रजी शब्दांची पुस्तिका करायला सांगितली. बँकेच्या परीक्षांना सरकारचं कर्ज, तूट, रोखे, व्याजदर असले उतारे फार येतात आणि आमची पोरं तिथेच आपटतात. मी दोन महिने खपले. पाचशे शब्द निवडले, प्रत्येकाचा साध्या मराठीत अर्थ दिला आणि आपल्याकडचं एकेक उदाहरण दिलं. लेखक म्हणून नाव सरांचं जाणार हे ठरलेलंच होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुस्तिका छापून आल्यावर.

मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेले सर, मागे नोटांचा पाऊस आणि वर सोनेरी अक्षरांत नाव, ‘अर्थशक्ती’. आत उघडलं तर माझे अर्थ गायब. डीटीपी करताना सरांनी स्वतः शेजारी बसून सगळं ‘सोपं’ करून घेतलं होतं. कर्ज बुडवणं या अर्थाचा डिफॉल्ट, त्याच्यापुढे छापलं होतं ‘आपोआप होणारे’. मोबाईलच्या सेटिंगमध्ये तसं असतं म्हणून. मॅच्युरिटी, म्हणजे मुदत पूर्ण होणं, त्याचा झाला ‘समजूतदारपणा’. हेअरकट, म्हणजे कर्ज देणाऱ्याने सोसायचा तोटा, त्याचं केलं ‘केस कापणे’. थकबाकीला वापरतात तो आउटस्टँडिंग झाला ‘उत्कृष्ट’. आणि पान चौतीसवर, ‘गव्हर्नमेंट डेट: सरकारी कर्ज, म्हणजे सरकारने गरजू जनतेला दिलेले कर्ज’.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकलं. कारण हे चुकीचं असूनही आमच्याकडे कोणालाच चुकीचं वाटणार नव्हतं. आमच्या भागात सरकारी कर्ज म्हटलं की महामंडळाचं कर्ज. कोणी म्हशीसाठी काढतं, कोणी शिलाई मशीनसाठी. सरकार देणारं आणि आपण हात पसरणारे. सरकारच लोकांकडून उसने घेतं, हे कोणी ऐकलेलं नसतं आणि सांगितलं तरी पटत नाही. मी लिहिलं होतं, ‘सरकारवर असलेलं कर्ज’. दोन-चार शब्द बदलून सरांनी देणेकरी आणि घेणेकरी यांची अदलाबदल करून टाकली होती.

मी पुस्तिका घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. ते नुकतीच कचोरी खाऊन बसले होते.

“सर, हे पान चौतीस. अर्थ उलटा झाला.”

“उलटा कायचा? सोपा केला मी. सरकार कर्ज घेते सांगून पोट्ट्याईचं डोकं कायले खराब करता?”

“पण घेते ना सर. परीक्षेत तसाच उतारा येते. निदान एक चिठ्ठी छापू. दुरुस्तीची. मी चिकटवते बसून.”

सरांनी माझ्या हातातली पुस्तिका घेतली. तिच्या मुखपृष्ठाचा कोपरा दुमडला, त्याने दात कोरले आणि निघालेला कण बघून टेबलाच्या कडेला पुसला. “मॅडम, एका शब्दावर चिठ्ठी चिकटवली तं बाकीच्या चारशे नव्व्याण्णव शब्दाईवर कोन विश्वास ठेवीन?”

एवढं बोलून त्यांनी पुस्तिका मला परत दिली. मी ती दोन बोटांत धरून बाहेर आले आणि हात धुतले. ओकारी आली ती त्या कोपऱ्याची की स्वतःची, हे तेव्हा कळलं नाही. पुस्तिका एकशेवीस रुपयांना खपत राहिली आणि तीच हातात धरून मी शिकवत राहिले. फळ्यावर खरा अर्थ लिहायचे. पोरं म्हणायची, मॅडम, पुस्तकात वेगळं आहे. मी म्हणायचे, दोन्ही लिहून ठेवा. दोन्ही! शिकवणाऱ्या बाईने हे म्हणावं!

एका पोरीने मात्र दोन्ही लिहून ठेवलं नाही. तिचं नाव बबिता. महागावच्या पुढच्या एका तांड्यावरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इथल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहणारी. वडील नाहीत. आई, जमनी, गावच्या शाळेत खिचडी शिजवते. बबिता तास संपल्यावर थांबली आणि पुस्तिका माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “मॅडम, दोन्ही खरं कसं राहीन? एक तं कोनी खोटं बोलून राह्यलं.”

“तुले काय वाटते?”

“मले पुस्तकातलंच बरोबर वाटते. सरकारले कर्ज काढायची काय गरज? अन् त्याले देईन कोन?”

मी तिला विचारलं, घरी कोणाचे पैसे पोस्टात आहेत का. तर होते. जमनीने बकऱ्या विकून महागावच्या पोस्टात पाच वर्षांची ठेव केली होती. मी तिला सांगितलं की पोस्टातला पैसा तिथल्या कपाटात पडून राहत नाही. तो सरकारकडे जातो, सरकार तो वापरतं आणि त्यावर व्याज देतं. असं लाखो लोकांचं मिळून जे होतं, त्याला म्हणतात गव्हर्नमेंट डेट. मोठ्या बँका देतात, विमा कंपन्या देतात आणि तुझी आईही देते.

बबिता आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

“मनजे माही याडी सरकारची सावकार हाय?”

“छोटीशी. पण हाय.”

आईला ती याडीच म्हणायची, तांड्यावर म्हणतात तसं. तिने तिथेच, माझ्यासमोर, फोन लावला आणि गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, धडाधड बोलत सुटली. मला मधले ‘सरकार’ आणि ‘पोस्ट’ तेवढे कळले. फोन ठेवून ती हसत म्हणाली, “याडी मनते, तं मंग सरकारले सांग, व्याज टायमावर देजो.” त्या दिवशी त्या दळभद्री क्लासमध्ये मला पहिल्यांदा बरं वाटलं. एखादा शब्द पोरीच्या घरापर्यंत जाऊन बसला की मास्तरणीला दुसरं काय लागतं?

एप्रिलच्या सुरुवातीला फुलचंद शेठची जागा जाहीर झाली. शेठची गावाबाहेर कापसाची जिनिंग आहे. दर वर्षी ते एका मुलीला बँकेच्या परीक्षेच्या तयारीसाठी वर्षभर पुण्याला पाठवतात. फी, राहणं, जेवण सगळं त्यांचं. बदल्यात पेपरात फोटो आणि क्लासच्या जिन्यात भला मोठा फ्लेक्स. मुलगी आमचा क्लास निवडतो. आधी लेखी परीक्षा, मग पहिल्या दोघींची इंग्रजीतून मुलाखत. मुलाखतीला तिघं बसतात: शेठ, सर आणि मी.

बबितासाठी ही जागा म्हणजे सगळंच होतं. मेअखेर तिचं वसतिगृह सुटणार होतं. भाड्याची खोली परवडणारी नव्हती. जागा मिळाली तर पुणे, नाही तर पुस्तकं पिशवीत भरून तांडा, आणि तिथून कोणी पुन्हा परीक्षेला बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. ती लेखीत पहिली आली. दुसरी आली संगीता. सरांच्या ओळखीतल्या एका ठेकेदाराची मुलगी, पाठांतराला पक्की. पोरगी वाईट नाही. तिच्यावर माझा राग नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बबिता पुस्तिका घेऊन आली. तिने पान चौतीसवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे इचारलं तं काय सांगू? पुस्तकातलं का तुमचं?”

सरांनी मुलाखतीचे प्रश्न पुस्तिकेतूनच काढलेत, हे मला माहीत होतं. शेठसमोर ठेवायच्या प्रतीत त्यांनी पेनने खुणा केल्या होत्या आणि चौतीस नंबरच्या पानावरही खूण होती. मी म्हणू शकले असते, पोरी, उद्यापुरतं पुस्तकातलं सांग, जागा पदरात पाडून घे, मग जन्मभर खरं बोल. तसं म्हणाले असते तर आज ती पुण्यात असती. पण मला त्या क्षणी शिक्षिका व्हायची हौस आली.

“खरं हाय ते सांग,” मी म्हणाले. “घाबरू नको. मी हाय न तिथं बसलेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला शेठ आले. गालात खर्रा. सुपारी, चुना, तंबाखू एकत्र घोटलेला तो प्रकार आमच्याकडे लहानमोठे सगळेच खातात, पण शेठ खर्रा खात नाहीत, खर्रा त्यांच्या तोंडात राहतो. बोलताना त्यांच्या ओठांच्या कडेला तपकिरी ओल येते. सरांनी त्यांना शाल घातली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि खुणा केलेली पुस्तिका समोर ठेवली.

आधी संगीता आली. शेठने बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि ती पुस्तिकेतलं पाठ म्हणत गेली. डिफॉल्ट म्हणजे आपोआप. आउटस्टँडिंग म्हणजे उत्कृष्ट. गव्हर्नमेंट डेट म्हणजे सरकारने गरिबांना दिलेलं कर्ज, तेही सुरेख इंग्रजीत, न अडखळता. शेठ प्रत्येक उत्तर छापलेल्या ओळीशी ताडून बघत होते आणि जुळलं की मान डोलवत होते. “परफेक्ट,” ते सरांना म्हणाले. सरांनी हात जोडले. जणू तो अर्थ त्यांनी जन्माला घातला होता. घातलाच होता म्हणा.

मग बबिता आली. इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, केसांना तेल, हातात काही नाही. पहिले तीन शब्द सोपे होते, ते तिने नीट सांगितले. शेठने पान उलटलं.

“गव्हर्नमेंट डेट.”

बबिताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती सावकाश इंग्रजीत बोलली. डेटमधला बी तिने बरोबर गिळला. ती म्हणाली, सरकारचा खर्च मिळकतीपेक्षा जास्त होतो तेव्हा सरकार लोकांकडून आणि बँकांकडून पैसे उसने घेतं, त्या देण्याला गव्हर्नमेंट डेट म्हणतात. व्याकरणाची एक चूक नव्हती. इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण मीच शिकवलं होतं, उदाहरण द्या, उदाहरण दिल्याने समजल्याचं कळतं. तिने उदाहरण दिलं. माझी आई शाळेत खिचडी शिजवते. तिने पोस्टात पैसे ठेवले आहेत. म्हणजे माझ्या आईने सरकारला कर्ज दिलेलं आहे.

शेठने पुस्तिकेतली ओळ पुन्हा वाचली. बबिताकडे पाहिलं. आणि हसायला लागले.

“मतलब, तुझी माय खिचडी शिजवते अन् सरकारले कर्ज देते? वा रे वा! मंग माह्या जिनिंगलेही दे म्हना थोडंसं!”

सर टेबलावर थाप मारून हसले. शेठला ठसका लागला, खर्ऱ्याचे कण उडून पुस्तिकेवर पडले आणि त्यांनी ते तळहाताने सारवले. पान चौतीसवर तपकिरी पट्टा उमटला. त्यातूनही ते हसतच होते. सर डोळे पुसत म्हणाले, “बेटा, पुस्तक वाचत जा. सरकारी कर्ज सरकार देते. तुह्या मायनं देल्लं तं सरकार कायले पायजे?”

बबिता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सर, ती बरोबर सांगते आहे. पाच शब्द.

मी हसले.

मला हसू आलं नव्हतं. मी ते आणलं. दोन माणसं हसत होती, एक तारीख चार दिवसांवर होती, आणि माझे ओठ आपोआप ताणले गेले. वर एक छोटा आवाजही निघाला, समारंभात पाहुण्यांच्या विनोदाला निघतो तसला. अजून तो माझ्या कानात आहे. मला माणसांची किळस येते ती बहुतेक त्यांच्या खाण्याची, थुंकण्याची, दात कोरण्याची. त्या आवाजाएवढी किळस मला आजवर कशाचीच आली नाही.

मी हसल्यावर बबिताने मान खाली घातली. पुढचे दोन शब्द तिने पुस्तिकेतले जसेच्या तसे सांगितले. हेअरकट म्हणजे केस कापणे. “आता कशी आली लाइनीवर!” शेठ म्हणाले.

गुण देताना मी बबिताला वीसपैकी अठरा दिले आणि कागद उलटा करून ठेवला. फार मोठं शौर्य केल्यासारखं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, बघा, मी दिले. सरांनी आणि शेठने तिला पाच-पाच दिले. बेरीज सरांनीच केली, संगीताचं नाव लिहिलं आणि कागद सहीला फिरवला. मी सही केली. शेठचा फोटो झाला. संगीताला मधे उभं केलं, मला कडेला.

बबिता जिन्यात बसली होती. मी तिच्या दोन पायऱ्या वर थांबले. वाटलं, रडत असेल. ती रडत नव्हती.

“मॅडम, मी सांगितलं थे चुकलं होतं का?”

“नाही.”

“मंग तुम्ही हासल्या काहून?”

“मी तुले अठरा मार्क देल्ले, बबिता. सगळ्यात जास्त.”

“मार्क कागदावर देल्ले न, मॅडम. हासल्या तं माह्या तोंडावर.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो उचलला, दोन शब्द ऐकले आणि तो माझ्यापुढे धरला. “याडी हाय. मले नाही सांगता येत. तुम्हीच सांगा.”

मी फोन घेतला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, पोरांचा गलका होता. शाळेत खिचडी वाढणं चाललं असावं.

“मॅडम का जी?” जमनी म्हणाली. “पोरीनं माह्या पैशाचं सांगितलं का सायबाईले?”

“सांगितलं, बाई.”

“मंग? काय म्हने साहेब?”

बबिता समोर उभी होती. पलीकडचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

“हासले,” मी म्हणाले. “ते हासले. मीबी हासली.”

“हासले?” जमनीचा आवाज एकदम उजळला. तिने मागे वळून कोणाला तरी गोरबोलीत काही ओरडून सांगितलं आणि पुन्हा फोनवर आली. “मनजे खुश झाले न, मॅडम? मंग झालं माह्या पोरीचं काम!”